शरीराचे माप कोण घेणार?

दलित साहित्याने शरीराविषयी पुष्कळ लिहिले आहे. भुकेले शरीर, राबणारे शरीर, गावकुसाबाहेर टाकलेले शरीर, ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला गेला ते शरीर. हे लिहिणे आवश्यकच होते. परंतु एखाद्या शरीराला पुरुष म्हणायचे की स्त्री, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. तो आपला प्रश्न नव्हे, शहरातल्या सुखवस्तू माणसांचा आहे, असे आपण गृहीत धरले. प्रस्तुत लेखात मी या प्रश्नाचा एक लहानसा धागा हाती घेतला आहे. तो धागा पुण्याच्या एका वीट पाडणाऱ्यापासून निघतो, लंडनला जातो आणि सारनाथला येऊन अडकतो.

तृतीयपंथी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रेल्वेच्या डब्यात टाळी वाजवणारी व्यक्ती येते. जन्मताच मुलगी म्हणून नोंद झालेला, पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारा माणूस डोळ्यांसमोर येत नाही. त्याला घराणे नाही, गुरू नाही, बधाई मागण्याची परंपरा नाही. मुलगी म्हणून वाढल्यामुळे उंबऱ्याबाहेर पडण्याची मुभाही नाही. त्याला आज पारलिंगी पुरुष किंवा ट्रान्सपुरुष म्हणतात. त्याच्या आयुष्यातला पहिला शत्रू बहुधा त्याचीच छाती असते. ती तो कापडाने आवळून बांधतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या घरात, दिवसाचे दहा-बारा तास घट्ट बांधलेली छाती म्हणजे काय, याची कल्पना ज्याने त्याने करावी. कातडी सोलवटते, घामोळ्या येतात, श्वास पुरत नाही. आणि वर्षानुवर्षे बांधून त्वचा सैल पडली की पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्यालाही ती अवघड जाते.

या शस्त्रक्रियेत स्तनातील ग्रंथी काढून छाती सपाट करतात. ऐकायला हे सोपे वाटते. पण काढण्यापेक्षा ठेवणे अवघड असते. ग्रंथी काढल्यावर स्तनाग्र कोठे ठेवायचे, हा खरा प्रश्न आहे. छाती लहान असेल तर स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने छेद घेऊन काम भागते आणि स्तनाग्र जागचे फारसे हलत नाही. छाती मोठी असेल तर खाली आडवे दोन छेद घ्यावे लागतात, जादा कातडे काढावे लागते, आणि स्तनाग्र पूर्ण सुटे करून, मागचा भाग खरवडून पातळ करून, नव्या जागी त्याचे कलम करावे लागते. कलम म्हणजे आंब्याचे करतात तेच, फक्त कातड्याचे. नव्या जागेची वरची त्वचा खरवडून तिथे ते बसवतात आणि वर दाबाची पट्टी टाके घालून बांधतात. ती सुमारे आठवडाभर हलवायची नाही. खालच्या रक्तवाहिन्यांनी कलम धरले तर जगते. नाही धरले तर काळे पडून गळते. जगले तरी स्पर्शाची जाणीव बहुतेक जाते. काळ्या-सावळ्या कातडीवर कलमाचा रंग फिका पडतो, पांढुरके चट्टे राहतात, छेदाचा वण जाड होऊन वर येतो. सुट्या स्तनाग्राच्या कलमाची ही रीत १९२०च्या दशकात शिकागोच्या मॅक्स थोरेक या शल्यविशारदाने मोठे स्तन लहान करण्यासाठी रूढ केली. पारलिंगी पुरुषांच्या वाट्याला ती नंतर आली.

आता जागेचा प्रश्न. स्तनाग्र आतल्या बाजूला किंवा फार वर बसले, किंवा वर्तुळ मोठे राहिले, तर छाती सपाट होऊनही पुरुषाची दिसत नाही. पुरुषाचे स्तनाग्र छातीच्या मोठ्या स्नायूच्या बाहेरच्या कडेजवळ, स्नायूच्या खालच्या कडेच्या किंचित वर, साधारण चौथ्या-पाचव्या बरगडीच्या पातळीवर असते. त्याचे वर्तुळ लहान, अडीच-पावणेतीन सेंटिमीटरचे, आणि गोल नसून आडवे लांबट असते. आडव्या पडलेल्या माणसाची छाती आणि उभ्या माणसाची छाती एक नसते. म्हणून अनेक शल्यविशारद भूल दिलेल्या माणसाला टेबलावरच टेकवून बसते करतात, लांबून पाहतात, खूण करतात आणि पुन्हा आडवे करून कलम बसवतात. आमच्याकडे स्तनाग्राला बोंडी म्हणतात आणि कापसाच्या फळाला बोंड. बोंडी इकडची तिकडे झाली तर माणूस जन्मभर सदरा काढणार नाही, एवढे त्या खुणेत पणाला लागलेले असते.

ही मापे आली कोठून? १९९०च्या दशकात आणि त्यानंतर अमेरिकेत आणि युरोपात शल्यविशारदांनी सुमारे शंभर-शंभर निरोगी पुरुष उभे करून त्यांच्या छात्या मोजल्या. गळ्याच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंत किती, एका स्तनाग्रापासून दुसऱ्यापर्यंत किती, याची सरासरी काढली. पुढे कोणी त्यात सुवर्णगुणोत्तरही शोधले. मला या कामाचे मोल कमी करावयाचे नाही. त्याआधी सारे नजरेच्या अंदाजाने चालत असे. पण सरासरी कोणाची, हे विचारावे लागते. चांगल्या खाण्यापिण्यावर वाढलेल्या, रुंद खांद्यांच्या पुरुषाचे माप आर्णी-उमरखेडकडच्या बारीक चणीच्या मजुराच्या बरगड्यांवर जसेच्या तसे बसेल काय? चांगला शल्यविशारद आकडे बाजूला ठेवून समोरच्या माणसाचा स्नायू चाचपतो आणि खूण करतो.

माप म्हटले की आपल्या समाजाने सावध झाले पाहिजे, त्याला इतिहास आहे. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये माणसांची नाके मोजली आणि नाकाच्या रुंदीवरून जातीची उंची ठरविता येते असा सिद्धान्त मांडला. नाक जितके रुंद, तितकी जात खालची! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात हाच फणा उलटा धरला. डॉ. घुर्ये यांनी दिलेली नाकांचीच मापे समोर ठेवून त्यांनी दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, आणि ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. बाबासाहेबांनी मोजपट्टी नाकारली नाही, ती मोजणाऱ्याच्या हातून काढून घेतली.

छातीविषयीही असेच. त्रावणकोरात खालच्या मानलेल्या जातींच्या स्त्रियांनी वरच्या जातींपुढे छाती झाकू नये, हा दंडक होता. नाडार स्त्रियांनी त्याविरुद्ध काही दशके झगडा केला, मार खाल्ला, आणि २६ जुलै १८५९ रोजी राजाला त्यांना छाती झाकण्याची परवानगी देणारा जाहीरनामा काढावा लागला. तोही अर्धामुर्धा, वरच्या जातींच्या स्त्रियांसारखे वस्त्र नेसायचे नाही, ही अट ठेवूनच. कोणाची छाती झाकलेली असावी आणि कोणाची उघडी, हे या देशात कधीच खाजगी नव्हते.

नाकावरून आठवले ते पुण्याचे प्रकरण, आणि तेच या शस्त्रक्रियेचे मूळ आहे असे म्हणावे लागेल. १७९२च्या टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजांच्या सैन्यात कावसजी नावाचा मराठा बैलगाडीवान होता. टिपूच्या सैनिकांनी त्याला पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून तो कपाळावर पसरला, त्याभोवती रेघ मारली, तेवढे कपाळाचे कातडे सोलून डोळ्यांच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवली आणि ते पिळून खाली नाकाच्या जागी आणले. चिकटवायला पाण्यात भिजवलेला काथ लावलेले कापड, आणि काही दिवसांनी वर तूप. जोड पक्का झाल्यावर मधली पट्टी कापली. मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. ऑक्टोबर १७९४च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचे सचित्र वर्णन छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू याने १८१४मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली, आणि युरोपात प्लॅस्टिक सर्जरीचे नवे पर्व सुरू झाले.

त्या वृत्तान्तात गाडीवानाचे नाव आहे, पाहणाऱ्या साहेबांची नावे आहेत. नाक करणाऱ्याचे नाव नाही. तो विटा पाडणाऱ्या जातीचा होता, एवढेच आहे. आपले विद्वान या शस्त्रक्रियेचे सारे श्रेय सुश्रुतसंहितेला देऊन मोकळे होतात. ग्रंथात ते आहे, यात वाद नाही. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात, पेशव्यांच्या राज्यात, संहिता पाठ असलेल्या ब्राह्मणाने रक्ताळलेल्या कातड्याला हात लावला नाही. हात लावला चिखल मळणाऱ्याने. ग्रंथ एकाकडे आणि हात दुसऱ्याकडे, ही वर्णव्यवस्थेची जुनीच वाटणी आहे. कातडे जिवंत कसे ठेवायचे, किती पातळ कापायचे, रक्त पोचेपर्यंत किती दिवस थांबायचे, हे ज्ञान त्या हातात होते. स्तनाग्राचे कलम आज याच तीन प्रश्नांवर जगते किंवा मरते.

पहिल्या महायुद्धात तोफांनी चेहरे उडालेले सैनिक इंग्लंडात परत येऊ लागले, तेव्हा हॅरल्ड गिलिज या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या शल्यविशारदाने १९१७मध्ये कातड्याची नळी करून ती एका टोकाला जिवंत ठेवीत दुसरीकडे नेण्याची रीत वापरली. पुण्याच्या कपाळावरच्या पट्टीचेच ते पुढचे रूप. या गिलिजकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मायकेल डिलन नावाचा एक तरुण आला.

डिलन यांचा जन्म १९१५चा, आयर्लंडमधील उमराव घराण्यात, मुलगी म्हणून. ऑक्सफर्डला शिक्षण. १९३९च्या सुमारास त्यांनी पुरुष संप्रेरक घेण्यास सुरुवात केली. ब्रिस्टलच्या एका मोटार गॅरेजमध्ये काम करीत असता १९४२मध्ये तेथील रुग्णालयात त्यांच्या छातीची शस्त्रक्रिया झाली. पारलिंगी पुरुषावर झालेल्या अशा शस्त्रक्रियांपैकी ही अगदी आरंभीची ज्ञात शस्त्रक्रिया होय. १९४४मध्ये जन्मदाखल्यावर पुरुष अशी नोंद झाली. १९४६ ते १९४९ या काळात गिलिज यांनी त्यांच्यावर तेरा-एक शस्त्रक्रिया करून पुरुषाचे लिंग घडविले, त्याच कातड्याच्या नळीने. याच काळात डिलन डब्लिनला वैद्यकशास्त्र शिकत होते. १९५१मध्ये ते डॉक्टर झाले आणि जहाजावर नोकरी करू लागले. पण उमरावांच्या वंशावळीच्या दोन ग्रंथांत त्यांची नोंद वेगवेगळी झाली, एकात भाऊ आणि दुसऱ्यात बहीण. १९५८मध्ये वर्तमानपत्रांनी ते उकरून काढले. डिलन यांनी युरोप सोडला आणि ते भारतात आले.

येथून हा इतिहास आपला होतो. डिलन कालिम्पाँगला संघरक्षित या इंग्रज भिक्षूंच्या विहारात राहिले. हे तेच संघरक्षित, जे बाबासाहेबांना भेटले होते, ६ डिसेंबर १९५६ला बाबासाहेबांच्या निधनाची वार्ता आली तेव्हा नागपुरात होते आणि शोकाकुल जनसमुदायापुढे बोलले होते. नंतरची काही वर्षे त्यांनी नवदीक्षितांमध्ये धम्माचे काम केले, आणि पुढे १९७९मध्ये पुण्यात त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण सुरू झाला तो त्यांच्याच प्रेरणेने. डिलन यांनी त्यांना विश्वासाने आपले पूर्वायुष्य सांगितले. संघरक्षितांनी त्यांना नाव दिले जीवक. जीवक कोण, हे आपल्या वाचकांना सांगणे नको. बुद्धाचा वैद्य, डोक्याची कवटी उघडून शस्त्रक्रिया करणारा, आणि विनयपिटकातील कथेप्रमाणे गणिकेच्या पोटी जन्मून उकिरड्यावर फेकला गेलेला. नाव चपखल होते.

जीवक सारनाथला गेले, श्रामणेर झाले. त्यांना भिक्षू व्हायचे होते, उपसंपदा हवी होती. येथे संघरक्षितांनी विहारातील ज्येष्ठांना त्यांचे पूर्वायुष्य कळविले आणि उपसंपदा थांबली. विश्वासाने सांगितलेले उघड केले, ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट नियमाची. विनयात पंडक आणि उभयलिंगी व्यक्तीला उपसंपदा देऊ नये असा नियम आहे, तो महावग्गात आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. जीवकांना त्या खणात टाकले गेले. ते तेथून लडाखला गेले, १९६०मध्ये रिझोंगच्या गुंफेत लोब्झांग जीवक या नावाने तिबेटी परंपरेचे श्रामणेर झाले, तेथील भिक्षूंबरोबर राबले, जेवले. त्यावर एक पुस्तक लिहिले. १५ मे १९६२ रोजी डलहौसीला, सत्तेचाळिसाव्या वर्षी ते वारले. भिक्षू ते शेवटपर्यंत झाले नाहीत. मृत्यूच्या थोडे आधी प्रकाशकाकडे धाडलेले आत्मचरित्र पन्नासहून अधिक वर्षे छापले गेले नाही.

ज्येष्ठांनी नियमावर बोट ठेवले. परंतु विनय पुरता वाचला काय, असा माझा प्रश्न आहे. त्याच विनयपिटकात, पहिल्या पाराजिकाच्या विवेचनात, एक प्रकरण नोंदलेले आहे. एका भिक्षूच्या ठिकाणी स्त्रीचे लिंग प्रकट झाले. बुद्धाला सांगण्यात आले. त्याने त्या व्यक्तीला संघातून काढले नाही. तोच उपाध्याय, तीच उपसंपदा, तीच वर्षांची ज्येष्ठता कायम ठेवून भिक्षुणींमध्ये जाण्याची अनुज्ञा दिली. लगेच पुढे उलटे प्रकरण आहे. एका भिक्षुणीच्या ठिकाणी पुरुषाचे लिंग प्रकट झाले, तिला त्याच अटींवर भिक्षूंमध्ये जाण्याची अनुज्ञा मिळाली. पुन्हा उपसंपदा घ्या, असेही बुद्ध म्हणाला नाही. जीवकांचे प्रकरण पंडकाच्या नियमाला जवळचे की या दुसऱ्या प्रकरणाला? कोणी म्हणेल, तेथे लिंग आपोआप बदलले, येथे शल्यविशारदाने बदलले. म्हणो. पण हा वाद व्हायला हवा होता. तो झाला नाही. पूर्वायुष्य कळले आणि दार लागले, जसे आपल्या पूर्वजांची जात कळताच देवळाचे लागत असे.

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी संघात कोणाकोणाला प्रवेश मिळाला हे मोठ्या आवर्जून सांगितले आहे. उपाली न्हावी, सुणीत झाडूवाला, सोपाक, सुप्पिय, कुष्ठरोगी सुप्रबुद्ध. ही यादी त्यांनी सहज दिलेली नाही. आणि त्यांच्या काळातील भिक्षुसंघावर त्यांनी केलेली कठोर टीकाही आपण विसरता कामा नये. विनय म्हणजे मनुस्मृती नव्हे. पण तो मनुस्मृतीसारखा वापरता येतो, हे सारनाथने दाखविले.

हे सारे मी का खणीत बसलो? आमच्या जिल्ह्यातील एका तरुणाने मला विचारले, “सर, श्रामणेर शिबिरात मी बसू शकेन का?” आपल्याकडे दहा दिवसांची श्रामणेर शिबिरे होतात, मुंडन करून चीवर नेसून तरुण बसतात. चीवर उजवा खांदा उघडा ठेवते. त्या खांद्याखाली छातीचा अर्धा भाग दिसतो, स्तनाग्र दिसते. त्या तरुणाची शस्त्रक्रिया झालेली नाही. शिबिराचा प्रश्न आणि शस्त्रक्रियेचा प्रश्न त्याच्या मनात एकच आहे, हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. त्याला मी पाराजिकातील ते प्रकरण वाचून दाखविले. त्याने दोनदा वाचायला लावले.

शस्त्रक्रियेचा मार्ग महाराष्ट्रात अगदी बंद आहे असे नाही. बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांनी २०१७मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, खात्याने नाकारली. ते उच्च न्यायालयात गेले, तेथून त्यांना प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगण्यात आले. शेवटी शासनाची परवानगी मिळून मे २०१८मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात त्यांची पहिली शस्त्रक्रिया झाली. ती छातीची नव्हती, आणि त्यांचे प्रकरण वैद्यकीयदृष्ट्याही वेगळे होते. पण खेड्यातून आलेला शिपाई सरकारी इस्पितळात हे करू शकतो, एवढे त्यामुळे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. १५ एप्रिल २०१४च्या नालसा निकालाने स्वतःचे लिंग स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला होता. २०१९च्या कायद्याने सरकारवर अशा शस्त्रक्रियेच्या सोयीची जबाबदारी टाकली, २०२२मध्ये आयुष्मान योजनेत तिचा समावेश करण्याची घोषणाही झाली. कागद पुष्कळ झाले.

पण यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर आणि मुंबई सातशेच्या घरात. आणि शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर छातीतून नळ्या, पुढे महिना-दीड महिना हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, ओझे उचलायचे नाही. मजुराच्या घरात दीड महिना म्हणजे एक हंगाम. आमच्याकडे शेतातले कामही लिंगाने वाटलेले आहे. वेचणी, निंदण बाईचे, फवारणी गड्याचे, आणि मजुरी त्याप्रमाणे. गावात राहून जो स्वतःला पुरुष म्हणवतो त्याला वेचणीच्या टोळीत बायका घेत नाहीत, आणि फवारणीच्या पंपाला मालक लावील तर लावील. २०१७च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक माणसे मेली, हे त्या पंपाचे काम. खांद्याचे पट्टे नेमके छातीवरून जातात. कलम ताजे असताना तो पंप पाठीवर घेता येत नाही.

त्या तरुणाने पुढच्या हंगामाची वेचणी आटोपल्यावर नागपूरला तपासणीसाठी जायचे ठरविले आहे. शिबिर त्याआधी आहे. शिबिर भरविणाऱ्या भन्तेंना मी विनयाचे ते पान उतरवून पाठविले आहे, त्यात डिलन यांची हकीकतही लिहिली आहे. उत्तर अजून यायचे आहे.